दात, साखर आणि आम्ही

उर्दूत 'शीन-काफ दुरुस्त असणं' असा एक वाक्प्रचार आहे. ज्याचे उच्चार शुद्ध, त्याचे शीन-काफ दुरुस्त. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याची हीच खरी पुंजी. बी.एड.ची पदवी फाइलीत ठेवता येते, उच्चार मात्र तोंडातच सांभाळावे लागतात. आमची ही पुंजी २०२३च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मक्याच्या भाजलेल्या कणसाबरोबर आमच्या हातात आली.

'आम्ही' म्हणतो म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. घरात आणि मोहल्ल्यात आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो. मराठीत लिहायला बसलं की त्याचंच 'आम्ही' होतं. त्यात मोठेपणा काही नाही. एका दातानं आमचा मोठेपणा किती उतरवला, तेच तर सांगायचं आहे.

पाऊस उघडला होता म्हणून मुलांना घेऊन आम्ही पूस धरणाकडे गेलो होतो. रस्त्यावर कणसं भाजून देणारा बसला होता. लिंबू-मीठ चोळलेलं गरम कणीस. पहिलाच घास घेतला आणि वरचा पुढचा दात कणसात राहिला. दुखलं नाही. रक्तही फारसं आलं नाही. तो दात कितीतरी महिने हलत होता. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, सकाळी तोंडाला वास यायचा. आम्ही लवंग धरायचो, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायचो आणि शाळेत जायचो. वय चौतिसावं. या वयात दात पडतो का, असं कुणी विचारलं असतं तर आम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात इमला, म्हणजे श्रुतलेखन घ्यायचं होतं. उर्दूत 'स' लिहायला तीन अक्षरं आहेत : से, सीन आणि स्वाद. उच्चार तिन्हींचा एकच, पण लिहिताना चूक झाली तर शब्द चुकतो. म्हणून आम्ही प्रत्येक शब्द सावकाश, स्पष्ट म्हणतो. त्या दिवशी 'सबक' म्हटलं तर शिट्टी वाजली. 'फसल' म्हटलं तर वारा सुटला. मुलं शिस्तीची, वर्गात कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं, आमच्याच वर्गातली एक पोर वरचा ओठ आत ओढून मैत्रिणींना 'श्शबक, श्शबक' करून दाखवत होती. नक्कल इतकी हुबेहूब होती की रागावताही येईना.

त्याहून जास्त लागलं ते रात्री. इशाच्या नमाजला उभं राहिलो तेव्हा. अरबीतला 'से' उच्चारायला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकवावं लागतं. आमची जीभ टेकायला गेली आणि तिथं काहीच नव्हतं. लहानपणी उस्तानींनी छडी दाखवून घोटून घेतलेला उच्चार. अल्लाह नीयत पाहतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी त्या रात्री सज्द्यात डोळे भरून आले.

*

आता जे लपवलं होतं ते सांगायला हवं. आम्हाला शुगर आहे, हे आम्हाला त्या कणसाच्या दोन वर्षं आधीपासून माहीत होतं.

२०१८मध्ये धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की, गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते, दरवर्षी तपासणी करा. आम्ही मान हलवली आणि विसरलो. २०२१मध्ये फार थकवा येऊ लागला, रात्री चार-चार वेळा उठावं लागे. गुपचूप तपासणी केली. साखर होती. गोळ्या सुरू झाल्या. त्या आम्ही तांदळाच्या डब्याच्या मागे ठेवायचो. आठवलं तर घ्यायचो, स्वयंपाकघरात कुणी असलं तर नाही घ्यायचो.

का लपवलं? वाचणाऱ्या बहिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. घरात दोन नणंदा लग्नाच्या. 'उस घर में शुगर है' एवढं एक वाक्य मोहल्ल्यात फिरलं की येणारी स्थळं थबकतात. शिवाय आमच्या घरांत पुरुषाला शुगर झाली तर त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजते, बाईला झाली तर 'इतक्या कमी वयात कशी काय?' असा प्रश्न शिजतो. सगळ्यांचं जेवण उरकल्यावर उरलेला भात खाणाऱ्या बाईनं पथ्य पाळायचं कसं? तेव्हा गप्प बसणं सोपं वाटलं. २०२३मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले : भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह. एवढ्या मोठ्या जमातीत असूनही आम्ही स्वतःला एकटंच समजत होतो.

*

पुसदनं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. पण पूर्वी दाताचं मोठं काम निघालं की नागपूर किंवा नांदेडची एसटी धरावी लागे. आता तसं राहिलं नाही. आमचे दंतवैद्य याच गावचे, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकून परत आलेले. वयानं आमच्याएवढेच. त्यांच्या दवाखान्यात आधी एक फॉर्म भरायचा असतो. रक्तदाब? मधुमेह? काही औषधं चालू? शेजारी मोहल्ल्यातल्या दोघीजणी बसल्या होत्या. आम्ही तिन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. गेलेल्या दाताला तीन उपाय. पहिला, काढ-घाल करायचा दात, स्वस्त. दुसरा ब्रिज, त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतात आणि त्यांच्या आधारावर मधला दात बसवतात. तिसरा इम्प्लांट. म्हणजे दाताचं मूळच नवं. टायटॅनियम धातूचा एक बारीक स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचा, हाड त्याला धरून घेईपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यावर दाताची टोपी चढवायची. शेजारच्या दातांना हात लागत नाही. आम्ही लगेच म्हटलं, "तिसरा."

मग त्यांनी तोंड तपासलं. हिरड्यांत एक बारीक सळई घालून खोली मोजत गेले. क्ष-किरण काढला. बराच वेळ तो पाहत राहिले.

"मॅडम, दात किडलेले नाहीत. हाड झिजलंय. तुम्हाला शुगर आहे का?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही."

त्यांनी वाद घातला नाही. एका चिठ्ठीवर 'एचबीएवनसी' लिहून दिलं आणि म्हणाले, "ही एक तपासणी करून या. उपाशी पोटीच हवी असं काही नाही. रिपोर्ट आला की स्क्रूचं बोलू."

आम्ही उर्दूच्या शिक्षिका असलो तरी या तपासणीचा अर्थ आम्हाला माहीत होता. माहीत असूनच आम्ही ती दोन वर्षं टाळली होती. साध्या तपासणीत त्या दिवसाची साखर दिसते. आदल्या दिवशी पथ्य पाळलं की तिला फसवता येतं. एचबीएवनसी फसत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत माणसानं काय केलं, त्याचा हिशेब तिच्यात लिहिलेला असतो. रिपोर्ट आला १०.२. म्हणजे सरासरी साखर २४५च्या आसपास.

रिपोर्ट ठेवला तेव्हा आम्ही मान खाली घातली होती. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखी. डॉक्टरांनी फॉर्मवरचं 'नाही' खोडलं, त्यावर 'होय' लिहिलं आणि म्हणाले, "मी आज तुमचे पैसे घेऊन स्क्रू बसवू शकतो. तुम्ही नाही म्हणालात, मी मानलं, असं म्हणायलाही मी मोकळा. पण तो बसला असता का, ते सांगता येत नाही."

*

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं आणि पुढे आम्ही जे वाचलं, ते थोडक्यात सांगतो. आमच्या घराघरांत त्याची गरज आहे.

साखर वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम उशिरा भरते. हिरड्या तर चोवीस तास जंतूंच्याच शेजारी. तिथं सूज येते, सूज खाली उतरून हाड खाते आणि न किडलेला दातही हलू लागतो. मधुमेहानं डोळे, मूत्रपिंड, नसा बिघडतात, हे सर्वांना ठाऊक असतं. १९९३मध्ये हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानं हिरड्यांच्या या रोगाला मधुमेहाची 'सहावी गुंतागुंत' म्हटलं होतं. आणि हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्या बऱ्या झाल्या तर साखरही थोडी उतरते.

इम्प्लांटचा सगळा खेळ हाडावर आहे. त्याचा शोध स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांनी लावला. १९५२च्या सुमारास ते सशांच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलेलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाडानं धातूला आपलं मानलं होतं. १९६५मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. लार्सन २००६मध्ये वारले, तोवर ते दात त्यांच्या तोंडात होते.

पण हाड धातूला आपलं मानतं ते एका दिवसात नाही. स्क्रूभोवती नव्या हाडाच्या पेशी याव्या लागतात, वाढाव्या लागतात. त्याला तीन ते सहा महिने लागतात. रक्तात साखर फार असेल तर त्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम चिघळते, स्क्रू सैल होतो. म्हणून मधुमेह असलेल्यांना इम्प्लांट बसतच नाही, असं पूर्वी पुष्कळजण समजत. आता तसं कुणी मानत नाही. साखर आटोक्यात असेल तर मधुमेह असलेल्या माणसाचं इम्प्लांट बाकीच्यांच्या जवळपास तितकंच टिकतं. अडचण लपवलेल्या, मोकाट साखरेची आहे.

डॉक्टरांची अट सरळ होती. एचबीएवनसी सातच्या आसपास आणा. आधी हिरड्यांचा इलाज करा. मग स्क्रू. तोवर काढ-घालचा दात वापरा.

"किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? ते तुमच्या घरात ठरेल."

*

घरात ठरायचं तर घरात सांगायला हवं होतं. मुलांच्या अब्बूंना रात्री सांगितलं. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन वर्षं? आणि मला माहीत नाही?" त्यांना राग साखरेचा नव्हता. सकाळी त्यांनीच अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना सांगितलं.

अम्मी आधी चिडल्या. "दुल्हन, इत्ती बडी बात छुपाई? लोगाँ क्या बोलेंगे?" आम्ही भांडी घासत राहिलो. दुपारी त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हाच निम्मे गेले होते. त्यांना दात जाण्याचं वय असतं असं वाटायचं, आम्हालाही तसंच वाटायचं. तेव्हा त्यांचं वय पन्नाससुद्धा नव्हतं, हा हिशेब आम्ही कधी केलाच नाही. त्या म्हणाल्या, "मेरे भी ऐसेच हिल-हिल के गिरे. दुखे नहीं."

आम्ही घासणी खाली ठेवली.

दोन दिवसांनी त्यांना तपासणीला नेलं. उपाशी पोटी २६०. किती वर्षांपासून, कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारलंच नव्हतं. रिपोर्ट हातात घेऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चलो, अब दोनों मिल के कड़वा खाएँगे." त्यानंतर आमच्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागून निघाल्या आणि फ्रिजवर, अम्मींच्या गोळ्यांशेजारी आल्या.

घर एकदम बदलत नाही. भात कमी झाला, ज्वारीची भाकर वाढली. चहातली साखर गेली तेव्हा आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. फज्रनंतर अम्मी आणि आम्ही चालायला जाऊ लागलो. बुरखा घालून दोघी सासू-सून भरभर चालताना पाहून लोक आधी विचारायचे, "कौन बीमार है?" आम्ही सुरुवातीला "कोई नहीं" म्हणायचो. एक दिवस अम्मींनीच थांबून उत्तर दिलं, "हम दोनों को शुगर है. तुम भी जाँच करा लो." नणंदेचं लग्न त्यानंतरच ठरलं. ज्या वाक्याला आम्ही दोन वर्षं घाबरलो, त्यानं काही मोडलं नाही.

हिरड्यांची सफाई दोन बैठकांत झाली. नोव्हेंबरमध्ये रिपोर्ट ८.४, २०२४च्या फेब्रुवारीत ७.४. आम्ही उड्या मारत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "आता बसवता येईल. पण समोर रमजान आहे. जखम नवी, गोळ्यांच्या वेळा बदलणार, पाणी दिवसभर नाही. घाई कशाला?"

त्या रमजानमध्ये रोजे ठेवायचे की नाही, हे आम्ही फिजिशियनना आधी विचारलं. हेही पहिल्यांदाच. पूर्वी गोळी सोडून रोजा ठेवायचो आणि त्याला ईमान समजायचो. त्यांनी गोळ्यांचा हिशेब सहरी-इफ्तारला लावून दिला. बोट टोचून साखर मोजल्यानं रोजा तुटत नाही, हे उलमांचं सर्वसाधारण मत आहे. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडायचा, अशी ताकीद मिळाली. दोन रोजे सोडावे लागले, पुढे त्यांची कजा केली. अम्मींना तर फिजिशियननी रोजे ठेवूच दिले नाहीत. त्या फार रडल्या. आजाऱ्याला सवलत अल्लाहनंच दिली आहे, हे त्यांना मौलवीसाहेबांकडून ऐकावं लागलं, तेव्हा पटलं. ईदला शीरखुर्मा झाला. आम्ही दोघींनी एका वाटीत दोन चमचे घेतला. इतका गोड तो कधी लागला नव्हता.

*

मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, रिपोर्ट आला ६.८. पण आता नवी अडचण. दात गेलेल्या जागेचं हाड आणखी आटलं होतं. आधीच रोगानं खाल्लेलं, त्यात वाट पाहण्याचे महिने. स्क्रूभोवती हाडाची पूड भरावी लागणार होती. खोटेपणाचं व्याजच म्हणायचं.

"पूड कशाची असते, डॉक्टर?"

ते हसले. "हा प्रश्न तुम्ही विचारणार, मला माहीत होतं. बैलाच्या हाडाची मिळते, डुकराचीही मिळते. वर झाकायचा पडदाही पुष्कळदा डुकराच्या कातडीतल्या कोलॅजेनचा असतो. एक आमच्या पेशंटना चालत नाही, दुसरी तुमच्या. म्हणून मी कारखान्यात बनवलेली कॅल्शियमची पूड ठेवतो. ती सगळ्यांना चालते."

आम्हीही हसलो. गावात एवढ्या गोष्टींवरून वाद होतात, आणि इथं एका छोट्या डबीत सगळ्यांची सोय होती. पण विचारायला लाजू नये. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी आधीच विचारावं, पर्याय असतो.

मोहल्ल्यात मात्र चर्चा झालीच. हाडात धातू घालणं जायज आहे का? आम्ही मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांनी अरफजा या सहाबींची हकीकत सांगितली. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना सोन्याचं नाक करून घ्यायला सांगितलं. एरवी पुरुषाला सोनं वर्ज्य. याच हदीसच्या आधारानं फुकहांनी सोन्यानं दात बांधायला परवानगी दिली. पक्का बसवलेला दात वजू-गुस्लसाठी काढावा लागत नाही, तो आपल्या दातासारखाच समजायचा, हेही त्यांनी सांगितलं.

घरी येऊन आम्ही पुस्तकं उघडली. कुर्तुब्याचे अबुल कासिम अल-जहरावी, दहाव्या शतकातले. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेनं बांधण्याची रीत आहे आणि गेलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात कोरून बसवण्याचीही. आणि आपल्या देशात दंतवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय कुणी काढलं? डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी, १९२०मध्ये, कलकत्त्यात. अलीगढला शिकून ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्य होऊन आले होते. १९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आमच्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या वहीत हे नाव नव्हतं. आता आहे. ज्या समाजात असे लोक झाले, त्या समाजातल्या आम्ही दवाखान्याच्या फॉर्मवर 'नाही' लिहून आलो होतो.

*

प्रत्यक्ष काम तासाभराचं. त्या सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन जायचं होतं. आधी साखर मोजली, १४२. सुन्न करायचं इंजेक्शन, मग हाडात भोक पाडताना कवटीत गिरणी चालल्यासारखा आवाज. दुखलं नाही. टाके पडले. पाच दिवस अँटिबायोटिक, औषधी पाण्याच्या गुळण्या, मऊ खिचडी. खर्च पुडीसह ३८ हजार. आमच्यासारख्या पगारदारालाही एकदम जमण्यासारखा नाही. आमची भिशी त्या महिन्यात लागली होती. मोहल्ल्यातल्या बारा बायकांच्या पैशातून आमचं मूळ रोवलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग पुन्हा थांबणं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत हाड आपलं काम करत होतं आणि आम्ही साखर सांभाळण्याचं. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांनी क्ष-किरण काढला, स्क्रूवर टकटक केली आणि म्हणाले, "धरलंय." त्यानंतर टोपी बसली.

आरसा देताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही विसरलो नाही. आपल्या दाताच्या मुळाभोवती एक नाजूक अस्तर असतं, त्यात नसा असतात. काही बिघडलं की दात ठणकतो, सांगतो. इम्प्लांटला ते अस्तर नाही. तो किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजू शकते, हाड पुन्हा झिजू शकतं, आणि बराच काळ तो काही बोलत नाही. साखर वाढली तर हा धोका जास्त. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं, रोज दाताच्या फटी साफ करायच्या, साखर मोजायची. "हा दात स्वतः तक्रार करणार नाही मॅडम. बोलायचं काम तुमचं."

बोलायचं काम आमचं. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलं आणि स्वतःच्या बाबतीत गप्प राहिलो. दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं आमच्या घरांतल्या बायका किती पिढ्या समजत आल्या? अम्मींचे दात एकेक करून गेले, कुणी एकदा साखर तपासली असती तर त्यांतले काही वाचले असते. त्याला आम्ही तक्दीर म्हटलं. तक्दीरवर आमचा विश्वास आहे. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हेही आम्हाला शिकवलेलंच आहे.

अम्मींच्या तोंडात हाड फार थोडं उरलं आहे. त्यांनी इम्प्लांट नको म्हटलं, साधी कवळी बसवून घेतली. परवा त्यांनी पंधरा वर्षांनी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

शाळेत यंदा माता-पालक सभा झाली. अभ्यास, गणवेश, हजेरी असे नेहमीचे विषय झाल्यावर आम्ही उभं राहिलो आणि म्हटलं, "एक बात और. हमें शुगर है." सभा शांत झाली. मग आम्ही दात दाखवला, सगळी हकीकत सांगितली. ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, ज्यांना गरोदरपणात साखर वाढली होती, त्यांनी एकदा तपासणी करून घ्या, एवढंच म्हटलं. सभेत कुणी काही बोललं नाही. फाटकापाशी मात्र एकेक करून चौघीजणी मागे राहिल्या. त्यातली एक आमची नक्कल करणाऱ्या त्या पोरीची आई होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "मिस, वो तीन महीने वाली जाँच कहाँ होती है?"

आम्ही तिला चिठ्ठी लिहून दिली. नाव नीट उच्चारूनही सांगितलं.